कानबाईच्या घरची सव्वा मूठ

खानदेशातून परतले त्या दिवशी शेजारच्या बाईंनी विचारलं, "जळगावपर्यंत गेलात आणि अजिंठा न बघता आलात?" मी होय म्हटलं. मग बघितलं तरी काय, तर केळी पिकवायची एक खोली, पांझरेचं गढूळ पाणी आणि प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली एक भलीमोठी बॅग. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

प्रवासाबद्दल लिहिणाऱ्याला आपण कुठे गेलो आणि कशाला गेलो, एवढं तरी ठाऊक असावं. कुठे गेले ते मला ठाऊक आहे. कशाला गेले, ते मात्र तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर जे झालं त्याचा मेळ अजून लागलेला नाही.

मी सैद्धांतिक रसायनशास्त्राची प्राध्यापिका. धातूच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू कसे येऊन बसतात, किती वेळ टिकतात आणि उठून जाताना कोण होऊन जातात, याची गणितं आयुष्यभर संगणकावर मांडत आले. यालाच उत्प्रेरकांचा अभ्यास म्हणतात. एम.एस्सी.ला असताना मी इतकी काचपात्रं फोडली, की आमच्या सरांनी अक्षरशः हात जोडून सांगितलं, "बाई, तू कागदावरचं रसायनशास्त्र कर." तो सल्ला मी जरा जास्तच मनावर घेतला. परदेशातल्या एका थंड गावात काही वर्षं काढली, मग पुण्याला आले. प्लॅटिनमवर इथिलीन हा माझा विषय. त्यात एक प्रश्न असा आहे की ज्याच्यावर माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले आणि तो तसाच राहिला. या सगळ्या काळात मी ना प्लॅटिनमला हात लावला, ना इथिलीनचा वास घेतला. माझ्या खोलीला वास येतो तो फक्त चहाचा.

योगिता पाटील ही माझी विद्यार्थिनी, फैजपूरची. तिचा प्रबंध पूर्ण झाला आणि मी माझ्या परदेशातल्या जुन्या सहकाऱ्याला लिहिलं, की माझा अडलेला प्रश्न ही पोरगी पुढे नेईल. त्याने लगेच तिला जागा देऊ केली. सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. योगिता गावी गेली आणि गप्पच झाली. फोन उचलेना. मग एके दिवशी तिच्या वडिलांचाच फोन आला. "मॅडम, घरात बोलणं बंद शे. पोरीचं काही ठरत नाही. तुम्ही एकदा येऊन बोला." खानदेशात 'आहे'ला 'शे' म्हणतात, हे योगितामुळे ठाऊक होतं.

खेड्यातला बाप, लग्नाची मुलगी, परदेशची नोकरी. पुढची गोष्ट मला कुणी सांगायची गरजच वाटली नाही. मी मूळची कोल्हापूरची, पण पुण्याचं पाणी लागायचं ते लागलंच. बाकीच्या महाराष्ट्राच्या गोष्टी आम्हाला आधीच पाठ असतात. बापाला वठणीवर आणायचं आणि पोरीला सोडवायचं, असा चंग बांधून मी गाडीत बसले.

जळगाव

स्टेशनवर स्वतः वडील आले होते. सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. उंच, सडपातळ, डोक्यावर टोपी, आणि माझ्या हातातली पिशवी घेण्याची इतकी घाई, की माझा चष्माही तिच्याबरोबर गेला. योगिता आली नव्हती. "घरी शे," एवढंच ते म्हणाले. मी मनात नोंद केली: पोरीला बाहेर सोडत नाहीत.

स्टेशनबाहेर पोहे खाताना मी भरताचा विषय काढला. जळगावच्या भरताची कीर्ती ऐकून होते. नानांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं, जणू मी उन्हाळ्यात हुरडा मागितला. "मॅडम, भरीत हिवाळ्यात. शेतात, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून. श्रावणात वांगं कोण खातं?" मग माझं मन मोडू नये म्हणून वाटेत एका ढाब्यावर त्यांनी शेवभाजी मागवली. लालभडक तर्री पाहून मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला तिखटाचं कौतुक नाही. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, चौथ्याला नाकातून. आमचा तांबडा रस्सा आधी जिभेला सांगून चढतो. ही शेवभाजी घशाखाली गेल्यावर मागून येऊन गाठते. नाना ताकाचे ग्लास पुढे सरकवत राहिले.

जीपमध्ये त्यांनी विचारलं, "मॅडम, योगी काय शिकली ते मला अजून नीट कळालं नाही. उत्प्रेरक म्हणजे काय?"

मी म्हटलं, "दोघांची गाठ घालून देतो, काम झालं की बाजूला होतो, आणि स्वतः आहे तसाच राहतो."

"म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ."

"तसंच समजा. पण त्याने समोरच्याला धरायचं कसं, यातच सगळी गंमत आहे. फार घट्ट धरलं तर तो तिथेच अडकून बसतो. सैल धरलं तर काही घडायच्या आधीच निसटून जातो."

"हे तर पोरी सांभाळण्यासारखंच झालं," नाना म्हणाले. "मध्यस्थाशिवाय कोणतंच काम होत नाही बघा मॅडम. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." म्हणजे स्थळ आधीच आलंय आणि पोरीला तयार करायला यांनी मलाच आणलंय की काय?

फैजपूर

फैजपूरकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. मोठमोठ्या पानांमुळे मागचं काही दिसतच नाही, आणि मध्येच एखादं घर डोकं वर काढतं. आमच्याकडे उसातून जाताना असंच कोंडल्यासारखं होतं, पण ऊस सळसळतो. ही केळी नुसती उभी असतात.

घराच्या पहिल्याच खोलीत ती बॅग उभी होती. चाकांची, निळी, प्लॅस्टिकचं आवरण तसंच. मी तिच्याकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखं दुसरीकडे तोंड फिरवलं. नवरीचे कपडे भरायला आणलेली बॅग, दुसरं काय. माझी खात्रीच पटली.

योगिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. "मॅडम, कशाला एवढा त्रास घेतला?" माझ्या नजरेला नजर देईना. मी चार शब्द बोलायला बघितलं, तर ती चहा ठेवायला गेली. चहा झाल्यावर शेजारी गेली. नाना तर माझ्या अवतीभवतीच. मला वाटलं, पहारा चालू आहे. कोण कोणाला टाळत होतं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

दुपारी सगळे केळी पिकवण्याच्या खोलीवर गेलो. नाना आणि रफिकभाई यांचा हा भागीतला धंदा. रफिकभाई गोल चेहऱ्याचे, हसतमुख, फैजपुरातल्या जुन्या व्यापारी घरातले. जाड भिंतींच्या गार खोल्यांत हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेले असतात. खोली बंद करून आत थोडासा वायू सोडतात, की चार-पाच दिवसांत हिरव्याची पिवळी होतात. तो वायू म्हणजे इथिलीन. माझं इथिलीन! योगिताच्या घरचा धंदा केळ्यांचा, एवढं मला माहीत होतं. पण माझा आयुष्यभराचा रेणू तिच्या दारात हिंडतोय, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल. माझं लक्ष नसेल.

मला राहवेना. दार उघडून मी आत डोकं घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. गारवा होता, ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. इथिलीनचा काही केल्या येईना. मी आणखी एकदा श्वास घेतला.

"मॅडम, दरवाजा बंद करा," मागून रफिकभाई म्हणाले. "गॅस जातो ना सगळा. केळं अर्धं हिरवं राहील, मग गिऱ्हाईक माझा वास घेईल." मी ओशाळून दार लावलं.

बाहेर एक यंत्र उघडून ठेवलेलं होतं. त्यात स्पिरिटसारखं द्रव ओततात, ते आतल्या तापलेल्या गोळ्यांवरून जातं आणि त्याचं इथिलीन होऊन बाहेर पडतं. त्या गोळ्या म्हणजेच उत्प्रेरक. रफिकभाईंनी जुन्या गोळ्या कागदावर ओतल्या. मुळात पांढऱ्या, आता कोळशासारख्या काळ्या. मी एक उचलली. बोटं काळी झाली. पडद्यावरचा माझा पृष्ठभाग नेहमी लखलखीत असतो, एकेक अणू आपापल्या जागी. खराब झालेला उत्प्रेरक हातात घेण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि मला उगीचच रडू यायला लागलं.

"ह्या काळ्या का पडतात?" रफिकभाईंनी विचारलं.

"कार्बन साचतो. रेणू घट्ट धरले जातात, तुटतात, तिथेच बसून राहतात."

"मग करायचं काय?"

"हवेत खूप तापवून तो जाळून काढता येईल. बहुतेक."

"बहुतेक?" रफिकभाई हसले. मीही हसले. पण माझ्या सगळ्या विद्येचं सार त्या एका शब्दात आलं, असं वाटलं.

मग योगिता बोलायला लागली. कुठल्या कंपनीच्या गोळ्या लवकर मरतात, द्रवात पाण्याचा अंश जास्त असला की काय होतं, लहानपणी या काळ्या गोळ्या ती खेळायला न्यायची आणि फोडून बघायची तर काही काळ्या आतपर्यंत असत, काही नुसत्या वरवर. हात हलवत, भरभर. पुण्यात माझ्यासमोर तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, बिचारी, निदान इथे तरी मोकळं होतंय मन.

ती गोळ्या धुवायला गेली तशी मी नानांना गाठलं आणि तिथेच खुर्चीवर बसवून भाषण केलं. सांगितलं, की अशी संधी फार थोड्यांना मिळते. पृष्ठभागावर काय चालतं हे समजलं तर खतापासून इंधनापर्यंत सगळं बदलतं. मुलीचं आयुष्य म्हणजे दुसऱ्याच्या हातात सोपवायची वस्तू नाही. आवाजही जरा चढला.

"बरोबर," नाना म्हणाले. "अगदी बरोबर."

"तिला थांबवणं म्हणजे पाप आहे."

"पापच शे मॅडम. हेच तर उद्या धुळ्याला सगळ्यांसमोर सांगा."

मी चक्रावले. भांडणारा माणूस परवडतो, त्याच्याशी वाद घालता येतो. प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्याचं काय करायचं? मुरलेला दिसतोय, असं ठरवून मी रात्री वरण-बट्टी खाल्ली. तुपात बुडवलेली बट्टी इतकी सुरेख होती, की नानांवरचा राग टिकवणं जड गेलं.

धुळे

रविवारी सकाळी धुळ्याला निघालो. पाटलांचं मूळ घर धुळ्याचं. श्रावणातल्या या रविवारी तिथे कानबाई बसते आणि सगळी भाऊबंदकी जमते. नानांनी ती निळी बॅग जीपच्या टपावर बांधली. "अक्काले दाखवायची," म्हणाले. अक्का म्हणजे नानांची थोरली वहिनी, घरातली सगळ्यांत मोठी. एरंडोल, पारोळा मागे पडलं, योगिता खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि मी मनात उद्याच्या, म्हणजे सोमवारच्या, संध्याकाळचा हिशेब करत होते.

घर माणसांनी भरलेलं. चौरंगावर कानबाई, म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, दागिने, नवं वस्त्र, भोवती फुलांची आरास. आमच्याकडे गौरी येतात तशीच धांदल, फक्त इथे बायकांच्या बरोबरीने पुरुषही राबताना दिसले. अक्का ठेंगणी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. मला जवळ बसवून तिने माझा गाल कुरवाळला. "कोन गावनी तू, बैन?" मी कोल्हापूर सांगितलं. "लई दूरनी शे," ती म्हणाली.

एका चुलतभावाने मला या सणाची रीत समजावली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, ते दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. देवीच्या या जेवणाला रोट म्हणतात. पौर्णिमेच्या आत तो संपवायचा. एवढं तो बोलला आणि त्याला कुणीतरी पाणी आणायला हाक मारली. राहिलेली अर्धी रीत त्याच्या तोंडातच राहिली, आणि तिथेच घोटाळा झाला.

दुपारी पंगत बसली. सगळ्यांच्या पानात पुरणपोळी, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. माझ्या पानात मात्र पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा. पाटसुद्धा वेगळा, भिंतीकडेला. "तुनाकरता येगळं रांधेल शे," अक्का प्रेमाने म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला बिघडवणारी बाई म्हणून हे मला पंगतीबाहेर ठेवतायत! शिरा गोड होता, पण मी तो नुसता चिवडत बसले. मी जातपात, देवधर्म सगळं मनात उलटंपालटं करून पाहिलं, तरी माझा गुन्हा सापडेना.

शेवटी मी ठरवलं, आपणच आपलेपणा दाखवावा. ताट ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. परातीत पोळ्या होत्या. मी एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. "काय सुंदर झालीय," म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. एकीच्या हातातला पळा तसाच खिरीवर. योगिताने कपाळाला हात लावला. "मॅडम, रोट बाहेरच्या माणसाने खायचा नसतो. फक्त घरच्यांनी. लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा खात नाहीत."

म्हणून माझं पान वेगळं! तोंडातला घास ना गिळता येईना, ना टाकता येईना. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. कुणी म्हणे देवीची माफी मागा, कुणी म्हणे काही होत नाही. अक्का भिंतीला धरून उठली, माझ्यासमोर आली आणि माझं तोंड बघून हसत सुटली.

"गिय, बैन, गिय आते," ती म्हणाली. मी गिळला. "बाईनी रोट खादा. आते काय करो? आते ती घरनी व्हयनी." म्हणजे मी आता घरची झाले. तिने डब्यातून मूठभर गहू घेतले, वर आणखी चिमूटभर, आणि माझा हात धरून मला देवीसमोर नेलं. चौरंगाच्या पायाशी त्या गव्हांची एक छोटी ढिगली घातली. "ही तुनी मूठ," म्हणाली.

सगळी माणसं गोळा झाली. अक्का खाली बसली, मलाही बसवलं. "आते पाव्हनीगत गोड नको बोलू. घरनी बाई बोलस तशी बोल. तुनी आंडेर ऱ्हाती, त तू तिले धाडती का?" माझी मुलगी असती, तर मी तिला पाठवलं असतं का?

मला मूल नाही. मी तोंड उघडलं ते नानांना उत्तर द्यायच्या तयारीने. "धाडली असती! आणि नाना, तुम्हीसुद्धा तिला अडवू नका."

"मी?" नाना उभे राहिले. "मी कुठे अडवतो? मी तर तिला जा जा म्हणून थकलो. बॅग घेतली, स्वेटर सांगितले. तीच नाही म्हणते. तिला समजवा म्हणून तर तुम्हाला एवढ्या दुरून बोलावलं. तुम्ही काल दिवसभर मलाच समजवत बसल्या."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. मी त्या बॅगेकडे पाहिलं. ती दारात उभी होती, अजून प्लॅस्टिकमध्येच. मी जी गोष्ट पाठ करून आले होते, तिच्यातला बाप कोण आणि खलनायक कोण, हेच आता मला कळेना. योगिताकडे वळून एवढंच म्हणू शकले, "का गं?"

अक्काने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तू तिले कधी इचारेल व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग आते इचार."

मी विचारलं. "योगिता, तुला जायचंय का?"

ती चौरंगाजवळच्या माझ्या ढिगलीकडे बघत होती. "मॅडम, तुम्ही काल आलात आणि तुमची मूठ पडली. माझी कधी पडली नाही. लहानपणी मी अक्काला विचारायचे, तर ती म्हणायची, तू त जानारी. नाना म्हणायचे, तू जाशील, मोठी होशील. तुम्ही पहिल्याच वर्षी म्हणालात, इथे काय ठेवलंय, तुला जायचंच आहे. लग्न करून जा, नाहीतर विमानाने जा. जायचंय का, हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं." तिने मान वर केली. "मला नाही जायचं. जळगावला एका प्रयोगशाळेत जागा आहे. मला त्या गोळ्या का मरतात ते बघायचंय. हाताने."

"प्रयोग?" माझ्या तोंडून गेलं. "तू? इतकी वर्षं मी तुला गणित शिकवलं ते यासाठी? आणि माझ्या प्रश्नाचं काय?"

"तो तुमचा आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली.

मला राग आला. खरंच आला. ज्या कामात मी आयुष्य घातलं, ते हिला हात काळे करून घेण्यापेक्षा कमी वाटावं? आणि त्याच वेळी काल गोळी हातात घेऊन मला का भरून आलं होतं, तेही आठवलं. नाना बाहेर निघून गेले. दारातून जाताना त्यांचा हात बॅगेला लागला आणि ती आडवी पडली. कुणी उचलली नाही.

संध्याकाळभर घरात गाणी चालू होती. नाना ओट्यावर एकटे बसून होते. मी जाऊन शेजारी बसले. "तिथला थंडीतला फोटो गावात दाखवायचा होता मला," एवढंच ते म्हणाले. मला त्यांचं दुःख लगेच समजलं, कारण ते माझंही होतं. मलाही तिचं नाव माझ्या प्रश्नाखाली बघायचं होतं.

पांझरेकाठी

सोमवारी सकाळी विसर्जनाआधी मी नमस्काराला चौरंगाजवळ गेले. माझी ढिगली जागच्या जागी होती. तिच्या शेजारी दुसरी होती. माझ्या ढिगलीपेक्षा मोठी, घाईने टाकल्यासारखी, चार-दोन दाणे बाजूला सांडलेले.

"अक्का, ही कुणाची?"

अक्का जवळ येऊन वाकून बघू लागली. "ते गहू मी नही टाकेल." तिने ते टाकलेले नव्हते.

मागे योगिता उभी होती. तिच्याही नजरेस ती ढिगली पडली. दारात नाना वहाणा शोधत होते, ज्या त्यांच्या पायातच होत्या. सगळे आपल्याकडे बघतायत हे जाणवल्यावर ते म्हणाले, "मूठ टाकायची सवय नाही राहिली. जरा जास्त पडले."

योगिताने खाली बसून सांडलेले दाणे एकेक करून ढिगलीत परत टाकले. नाना तोवर रस्त्यावर पोचले होते.

कानबाई डोक्यावर घेऊन सगळे पांझरेवर गेलो. बायका वाटेत फुगड्या घालत होत्या, मलाही ओढलं, आणि दुसऱ्या गिरकीला मी चिखलात बसले. नदीला चांगलं पाणी होतं. काठावर उभं राहून योगिताने परदेशी कळवायचा नकार लिहिला आणि पाठवायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला. "भाषा बघता का?" मी एक स्वल्पविराम काढला. त्याच्याशिवाय त्यात चूक काढायला काही नव्हतं. तिचं चुकलं की माझं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

निघताना नानांनी निळी बॅग पुण्याच्या गाडीत माझ्याजवळ ठेवली. "तुम्ही घेऊन जा मॅडम. घरात राहिली तर रोज दिसेल." मी नको म्हटलं नाही. अक्काने फडक्यात बांधून चार पोळ्या दिल्या आणि बजावलं, पौर्णिमेच्या आत संपवायच्या, कोणाला द्यायच्या नाहीत.

पुण्याला आल्यावर मी माझा जुना प्रश्न पुन्हा उघडून बसले. पडद्यावरचा पृष्ठभाग नेहमीसारखा लखलखीत. शेजारी डब्यात पोळी. आमच्या विभागातले एक सहकारी चहाला आले, त्यांनी डब्यात डोकावलं. "वा, पुरणपोळी! द्या की एक तुकडा."

मी डबा माझ्याकडे ओढला. "देता येत नाही. घरच्यांनीच खायची असते."

"कोणाच्या घरच्यांनी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या," मी म्हटलं, आणि उरलेला तुकडा तोंडात टाकला.